मदत हवी आहे: बी.कॉम. झालंय, अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवायचंय. आधी बी.एड. की एम.कॉम.?

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय २९, बी.कॉम.ला ५४ टक्के. दिवसा पतसंस्थेत कारकून आहे आणि संध्याकाळी आमच्या पडवीत अकरावी-बारावीच्या नऊ मुलांची शिकवणी घेते.

शिकवणी सुरू झाली शेजारच्या मुलीमुळे. तिला जर्नल एन्ट्री, म्हणजे व्यवहाराची नावे-जमा अशी नोंद, काही केल्या जमत नव्हती. 'येते ते नावे, जाते ते जमा' तोंडपाठ, पण वहीत सगळं उलटं. एकदा तिच्या बाबांची वाशीच्या बाजारातून आलेली आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) समोर ठेवली. चाळीस पेट्या गेल्या, त्यातून गाडीभाडं आणि हमाली कापून पैसे आले. म्हटलं, आता बाबांच्या बाजूने लिही. रोकड आली, नावे. भाडं-हमाली हा खर्च, तोही नावे. विक्री जमा. तिने दोन्हीकडची बेरीज केली, ती जुळली, आणि माझ्याकडे न बघताच पुढची पट्टी ओढून घेतली. तेव्हापासून मला आयुष्यभर हेच काम करावंसं वाटतंय.

आता अडचण. कोणी म्हणतं लगेच बी.एड. सीईटी (प्रवेश परीक्षा) दे, कोणी म्हणतं आधी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), कोणी म्हणतं एक वर्षाचं बी.एड. परत येतंय, थांब. ओळखीच्यांनी सुचवलेल्या एका कॉलेजला फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "रोज यायची गरज नाही, फी भरा आणि परीक्षेला या." मला तसं नकोय. पाठ टाचण (तासाचं नियोजन) कसं काढायचं, साठ मुलांच्या वर्गात गप्प बसणाऱ्याला बोलतं कसं करायचं, हे शिकायलाच तर जायचंय. पण दोन वर्षं नोकरी सोडायची तर घरी नीट हिशेब मांडून सांगावं लागेल. जाणकारांनी कृपया क्रम सांगावा.

प्रतिसाद १

ताई, मी चिपळूणकडे ज्युनियर कॉलेजला इको (अर्थशास्त्र) शिकवतो. आधी हे बघा की राज्य मंडळाच्या नववी-दहावीला कॉमर्सचा वेगळा पेपर नाही. अर्थशास्त्राची तोंडओळख नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात होते, तेवढीच. बुककीपिंग (म्हणजे तुमचं अकाउंट्स), ओ.सी. (वाणिज्य संघटन), एस.पी. (चिटणिसाची कार्यपद्धती) हे सगळं अकरावीपासून, आणि तिथल्या नेमणुकीला एम.कॉम. निदान सेकंड क्लास आणि बी.एड. अशी दोन्ही लागतात. नुसत्या बी.कॉम.-बी.एड.वर तुम्ही मधेच अडकाल. आमच्याकडे अशा दोघी तीन-तीन वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, राहिल्या.

म्हणून आधी एम.कॉम. ते नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने होतं. टीईटी पहिली ते आठवीसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका. पवित्र पोर्टलच्या (राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीच्या) निवडीला शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे गुण धरतात. ती दरवर्षी होत नाही. २०१७ नंतर थेट २०२३ला झाली, मग २०२५ला. तेव्हा कागद वेळेत तयार ठेवा.

एक वर्षाच्या बी.एड.चं म्हणाल, तर राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या फेब्रुवारी २०२५च्या नियमांच्या मसुद्यात ते चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर झालेल्यांसाठी सुचवलं होतं. म्हणजे एम.कॉम. झालेलं असलं तर तिथेही तुमचं नुकसान नाही.

आणि 'न येता बी.एड.' नाकारलंत ते फार बरं केलंत. नियमाने तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला (प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. माझं खरं शिक्षण त्याच दिवसांत झालं. मेथड मास्टर (विषय शिकवायची पद्धत शिकवणारे प्राध्यापक) मागे बसून माझ्या फळ्यावरच्या चुका टिपायचे आणि नंतर व्हरांड्यात एकेक समजावायचे. पहिल्या पाठाला मी मागणीचा वक्र काढताना किंमत आणि मागणीचे अक्ष उलटे टाकले होते, अजून आठवतं.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. साठ टक्के प्रश्न सुटला. एम.कॉम.चा फॉर्म या वर्षीच भरते, पगारही चालू राहील. तोवर एक विनंती. कणकवली-देवगड भागात कोणी बुककीपिंग शिकवत असेल, तर वर्गात मागच्या बाकावर बसून तुमचे तास बघू द्याल का? दिवाळीनंतरच्या माझ्या चार रजा शिल्लक आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीसाठी अर्ज मी स्वतः घेऊन येईन.