मुतखडा फोडायला लेझर कोणता: होल्मियम की थुलियम फायबर?

प्रश्न (युरो_ओटी):
ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) ३० वॅटचा जुना होल्मियम लेझर बदलायचा आहे. दोन पर्याय समोर आहेत: ६० वॅटचा थुलियम फायबर, किंवा पल्स मॉड्युलेशन (एका पल्समधली ऊर्जा टप्प्याटप्प्याने सोडणं) असलेला १०० वॅटच्या पुढचा होल्मियम. बहुतेक केसेस आरआयआरएसच्या (लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण किडनीत नेऊन खडा फोडणं), खडे १ ते २ सेंटीमीटरचे. अधूनमधून मिनी पीसीएनएल (पाठीतून बारीक छिद्र करून खडा काढणं) आणि युरेटरमधले (किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या नळीतले) खडे. कंपनीचे लोक एकच सांगतात, 'हर्ट्झ बघा' (म्हणजे सेकंदाला किती पल्स). मला नेमकं हे हवं आहे: १२०० हाउन्सफिल्डच्या (सीटी स्कॅनवरच्या घनतेचं माप) वरच्या कडक खड्यावर दोघांत फरक काय पडतो, सुरुवातीची सेटिंग्ज काय ठेवायची, आणि कुठे चुका होतात.

उत्तर १ (एंडो_युरॉलॉजी):
सर, आधी खोक्यावरचा वॅटचा आकडा बाजूला ठेवा. वॅट म्हणजे ज्यूल गुणिले हर्ट्झ. ०.२ ज्यूल ५० हर्ट्झने मारा किंवा १ ज्यूल १० हर्ट्झने, दोन्ही १० वॅटच. पण पहिल्यात पीठ पडतं, दुसऱ्यात तुकडे उडतात. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: पाणी ती तरंगलांबी किती शोषतं, आणि एका पल्समधली ऊर्जा किती वेळात ओतली जाते.

होल्मियमची तरंगलांबी साधारण २१०० नॅनोमीटर, थुलियम फायबरची १९४०. पाण्याच्या शोषणाचं शिखर १९४० च्या अगदी जवळ आहे, म्हणून थुलियमचा किरण पाण्यात होल्मियमपेक्षा चार-पाच पट जास्त शोषला जातो. खड्याच्या भेगांत, छिद्रांत अडकलेलं पाणी कमी ऊर्जेत उकळतं आणि खडा आतून सुटतो. थुलियमवर ०.०५ किंवा ०.१ ज्यूलवरही काम होतं ते यामुळे. होल्मियमची मशीन सहसा ०.२ ज्यूलच्या खाली जातच नाही.

दुसरी बाजू पीक पॉवरची, म्हणजे पल्स चालू असतानाच्या सर्वोच्च शक्तीची. थुलियम फायबरची पीक पॉवर ५०० वॅटच्या आसपास बांधलेली असते. म्हणजे ०.१ ज्यूलची पल्स ०.२ मिलिसेकंदाची, ०.५ ज्यूलची १ मिलिसेकंदाची, १ ज्यूलची २ मिलिसेकंदांची. ऊर्जा वाढवली की पल्स लांबते, धक्का वाढत नाही. होल्मियममध्ये तीच ऊर्जा काही किलोवॅटच्या धक्क्याने येते. म्हणून होल्मियमने खडा मागे पळतो, आणि म्हणूनच तो कडक खड्याला तडाही चांगला देतो. मोठे तुकडे करून बास्केटने (बारीक तारांच्या जाळीने) काढायची पद्धत असेल तर होल्मियमचा धक्का तुमच्या बाजूचा आहे. खडा जागेवर ठेवून पीठ करायचं असेल तर थुलियम.

पीठ म्हणजे किती बारीक, यावर नीट बोललं जात नाही. २५० मायक्रॉनपर्यंतचे कण ३.६ फ्रेंचच्या (१.२ मिलिमीटर) वर्किंग चॅनलमधून (दुर्बिणीच्या आतल्या पोकळ नळीतून) ओढता येतात आणि पाण्याच्या प्रवाहात तरंगत राहतात. १ मिलिमीटरच्या कणाला पीठ म्हणता येत नाही. तो खालच्या कॅलिक्समध्ये (किडनीतल्या खालच्या कप्प्यात) बसून राहिला तर पुढच्या खड्याचं बीज होतो.

सुरुवातीला हे लावून बघा.
थुलियम, किडनीत डस्टिंग (पीठ करणं): ०.१ ज्यूल, १०० ते १५० हर्ट्झ.
थुलियम, युरेटर: ०.२ ज्यूल, ३० हर्ट्झ. १० वॅटच्या वर जाऊ नका.
होल्मियम, डस्टिंग: ०.३ ज्यूल, ५० हर्ट्झ, लांब पल्स.
होल्मियम, तुकडे: ०.८ ते १ ज्यूल, ८ ते १० हर्ट्झ, छोटी पल्स.

थुलियमवर नव्याने बसणाऱ्यांची हमखास चूक हाताच्या वेगाची असते. फायबर (किरण खड्यापर्यंत नेणारी काचेची बारीक तार) सेकंदाला २ मिलिमीटर सरकतो असं धरा. २० हर्ट्झला दोन पल्समध्ये ०.१ मिलिमीटर अंतर पडतं. २०० हर्ट्झला फक्त १० मायक्रॉन. २०० मायक्रॉनच्या टोकाखाली एकाच जागी वीस पल्स पडल्या! खड्यावर थर सोलला जाण्याऐवजी खोल चर पडते, टोक त्यात रुततं, पाणी पोचत नाही आणि कडा काळ्या पडतात. हर्ट्झ वाढवले तर हातही वाढवा, नाहीतर हर्ट्झ खाली आणा. कंपनी म्हणते तसे 'हर्ट्झ बघा', पण असे बघा.

कडक खड्यावर थुलियमची ऊर्जा १ ज्यूलच्या पुढे नेली की ठिणग्या आणि काजळी दिसायला लागते. तिथे ज्यूल कमी करा, सलाईन वाढवा, टोक खड्याला टेकवून ठेवू नका, हलकं घासत ठेवा. काळा थर आला की पुढची ऊर्जा तोच थर पितो, खडा फुटत नाही.

उत्तर २ (फायबर_आणि_स्कोप):
वरच्या उत्तरात फायबरचा मुद्दा राहिला. होल्मियमचा किरण क्रिस्टलमधून जाड निघतो, त्यामुळे २०० मायक्रॉनपेक्षा बारीक फायबरमध्ये तो नीट भरता येत नाही, कनेक्टर जळतो. थुलियमचा किरण मुळातच काही दहा मायक्रॉनच्या काचतंतूत तयार होतो, म्हणून १५० मायक्रॉनचा फायबर सहज चालतो. फायदा वर्किंग चॅनलमध्ये दिसतो: चॅनल १.२ मिलिमीटरचा, त्यात फायबर जितका बारीक तितकं पाणी जास्त आणि खालच्या कॅलिक्सकडे स्कोपची (दुर्बिणीची) वळण्याची क्षमताही जास्त टिकते.

फायबर आत घालताना स्कोप सरळ. वाकवलेल्या स्कोपमध्ये टोक ढकललं की चॅनलचं अस्तर फाटतं, मग गळती आणि दुरुस्ती. खालच्या कॅलिक्समध्ये काम असेल तर आधी सरळ स्थितीत फायबर टोकापर्यंत आणा, मग वळा. स्क्रीनच्या निदान पावभर भागात फायबर दिसत असू द्या. टोक त्याहून मागे आलं तर बुडबुडा लेन्सवर फुटतो. टोक झिजलं तर कापायला धातूची साधी कात्री पुरते. आतल्या काचेपर्यंत वेष्टण सोलायची गरज नसते, उलट वेष्टणाचा रंग टोक कुठे आहे ते दाखवतो.

उत्तर ३ (उष्णतेचा_हिशोब):
मी वॅटच्या आकड्याला बाजूला ठेवणार नाही. खड्यासाठी तो गौण असेल, पण किडनीसाठी तोच मुख्य आहे. लेझर कोणताही असो, ओतलेली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी पाण्यात जाते.

हिशोब करून बघा. २० वॅट म्हणजे सेकंदाला २० ज्यूल. सलाईनचा प्रवाह मिनिटाला २० मिलिलिटर असेल तर सेकंदाला ०.३३ मिलिलिटर. एक मिलिलिटर पाणी एक अंश तापायला ४.१८ ज्यूल लागतात. म्हणजे पाणी सुमारे १४ अंशांनी तापून बाहेर पडणार. २५ अंशांचं सलाईन असेल तर ३९. तोच लेझर ४० वॅटला नेला की वाढ २८-२९ अंशांची, पाणी ५३ वर. आता प्रवाह थांबला असं समजा: पिशवी रिकामी झाली, किंवा शीथ (स्कोप ज्यातून आत-बाहेर जातो ती नळी) कणांनी तुंबली. १० मिलिलिटरच्या पोकळीत २० वॅट चालू राहिले तर दर सेकंदाला जवळपास अर्धा अंश वाढ. ३७ वरून ४३ ला जायला १२-१३ सेकंद पुरतात. हा सर्वात वाईट स्थितीचा आकडा आहे, ऊतींतलं रक्त थोडी उष्णता नेतं, पण त्यावर विसंबू नका.

४३ अंशांला ऊतीला इजा व्हायला १२० मिनिटांची मात्रा धरतात, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला वेळ निम्मा होतो. ५० अंशांला एक मिनिटही उरत नाही. युरेटरमध्ये तर पाण्याचा साठाच नसतो, म्हणून १० वॅटची मर्यादा.

पाणी वाढवलं की दाब वाढतो, तो वेगळा धोका. संसर्ग असलेल्या किडनीत त्याने सेप्सिस (संसर्गाने शरीरभर होणारी जीवघेणी प्रतिक्रिया) होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे मोकळी बाहेर येणारी वाट: १०/१२ किंवा ११/१३ फ्रेंचची शीथ. पायडल दाबून ठेवायची सवय मोडा. १० सेकंद चालू, ५ सेकंद बंद.

प्रश्नकर्ता (युरो_ओटी):
हे उपयोगी आहे. मग दोघांची थेट तुलना झालेली आहे का? आणि मशीनच्या देखभालीत फरक किती?

उत्तर ४ (एंडो_युरॉलॉजी):
झाली आहे, पण निकाल वाचताना समोर कुठला होल्मियम होता ते बघा. २०२२ मध्ये युरोपियन युरॉलॉजीत नॉर्वेतली १२० रुग्णांची यादृच्छिक चाचणी आली; त्यातला होल्मियम पल्स मॉड्युलेशन नसलेला होता. किडनीतल्या खड्यांत तीन महिन्यांनी खडामुक्त प्रमाण थुलियमचं ८६ टक्के, होल्मियमचं ४९. युरेटरमधल्या खड्यांत दोन्ही १०० टक्के. दृष्टी अडवणारा रक्तस्राव ५ विरुद्ध २२ टक्के. म्हणजे युरेटरसाठी नवा लेझर घेण्याचं कारण यात नाही. २०२३ मध्ये पल्स मॉड्युलेशन असलेल्या होल्मियमशी तुलना झाली तेव्हा वेळेत आणि खडामुक्त प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. तुमच्या दोन पर्यायांना ही दुसरी चाचणीच जास्त लागू पडते.

उत्तर ५ (बायोमेडिकल):
देखभालीत मात्र दोघे सारखे नाहीत. होल्मियममध्ये फ्लॅशलॅम्प, क्रिस्टल, आरसे आणि पाण्याचं कूलिंग. विजेतली एक-दोन टक्केच ऊर्जा प्रकाश होते, बाकी उष्णता. म्हणून उच्च शक्तीच्या मशीनला जास्त अँपिअरची वेगळी लाइन लागते, आवाज असतो, वजन शंभर किलोच्या पुढे जातं. ट्रॉली उंबऱ्यावर आपटली की आरशांची रेषा बिघडून आउटपुट घसरतो. थुलियममध्ये डायोड आणि काचतंतू, हवेवर थंड, साधा सॉकेट पुरतो. दोन ओटींत फिरवायचा असेल तर हाच. पण आतला मॉड्यूल गेला तर सुटा भाग बदलून भागत नाही, आख्खा मॉड्यूल बदलावा लागतो. करारात तो धरला आहे का ते लेखी घ्या.

आणखी दोन गोष्टी तपासा. जुने चष्मे २१०० नॅनोमीटरसाठी असतील. काडीवर छापलेल्या पट्ट्यात १९४० येतो का बघा. आणि जुने फायबर नव्या मशीनवर चालतील असं गृहीत धरू नका. कनेक्टर सारखा दिसला तरी चिप न ओळखल्यास मशीन सुरूच होत नाही. डेमोच्या दिवशी तुमचाच फायबर लावून दाखवा म्हणावं.