तळघर, लिफ्ट व अग्निशमन पंप : धोक्याचा फोन आपोआप जाण्याची व्यवस्था

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. देखरेखीचे पॅनेल बसवून झाले आहे. धोक्याची सूचना कोणाला आणि कशी जावी, एवढेच ठरवायचे राहिले आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी आपण सगळेच पाहतो; ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीत कोणाला सांगावे लागत नाही. परंतु कृष्णा चढू लागली की आवराआवरीला थोडा तरी वेळ मिळतो. तळघरातला पंप मध्यरात्री मुसळधार पावसात बंद पडला, तर तेवढा वेळही मिळणार नाही. म्हणून नुसत्या मेसेजवर न थांबता फोन वाजलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

बी विंग, पहिला मजला : सचिव साहेब, सहमत आहे. मात्र सर्व घरांना एकदम फोन गेला, तर दुसरा कोणीतरी खाली गेला असेल असे समजून प्रत्येक जण पुन्हा झोपेल. मोजक्या लोकांवर स्पष्ट जबाबदारी असावी.

ए विंग, दुसरा मजला : काका, आपले म्हणणे अगदी योग्य आहे. डायलरमध्ये, म्हणजे पॅनेलच्या आपोआप फोन लावणाऱ्या भागात, क्रम लावता येतो : आधी वॉचमन, मग सचिव, मग त्या आठवड्याचे जबाबदार सभासद. ज्याने फोन घेतला त्याने ठरलेले बटण दाबून पोच दिली, तरच पुढचे फोन थांबावेत. झोपेत उचलून कट केलेला फोन पोच धरू नये. पॅनेलचा नंबर प्रत्येकाने नावाने सेव्ह करून, फोन सायलेंट असतानाही वाजेल अशी सेटिंग करून ठेवावी.

तळघरातील खड्ड्यात दोन फ्लोट, म्हणजे पाणी चढले की उचलले जाणारे स्विच, आहेत. खालचा फ्लोट पंप चालू करतो आणि वरचा केवळ धोक्यासाठी आहे. वरचा फ्लोट अर्धा मिनिट सलग उचललेला राहिला तरच फोन जावा, म्हणजे पाण्याच्या हेलकाव्याने कोणाची झोप मोडणार नाही. त्याची जोडणी अशी हवी की एरवी सर्किट जोडलेले राहील आणि धोक्याच्या वेळी तुटेल. मग उंदराने वायर कुरतडली तरी फोन येईल. उलट जोडणीत तुटलेली वायर आणि कोरडा खड्डा यांत पॅनेलला फरकच कळत नाही. आगीच्या व लिफ्टच्या सूचनेला मात्र विलंब ठेवू नये. १०१ हा क्रमांक डायलरमध्ये घालू नये. खात्री करून तो माणसानेच लावावा.

बी विंग, पहिला मजला : ताई, वीज गेली तर?

ए विंग, दुसरा मजला : वीज गेली की पंपच थांबतो, म्हणून वीज जाणे हीसुद्धा सूचना धरावी. पॅनेलला स्वतःची बॅटरी आहे, पण ती थकत जाते आणि सिमचा रिचार्जही संपतो. पॅनेलमधला सिम घालायचा मोडेम टूजीवर चालणारा आहे, त्यामुळे फक्त फोरजी-फाइव्हजी देणाऱ्या कंपनीचे सिम त्यात चालणार नाही. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, पॅनेलने रोज सकाळी ‘सुरू आहे’ असा मेसेज पाठवावा आणि एखाद्या सकाळी तो आला नाही, तर तीच धोक्याची सूचना समजून कोणीतरी त्याच दिवशी खाली जाऊन पाहावे.

सचिव : मान्य. रविवारी सकाळी दहा वाजता वरचा फ्लोट हाताने उचलून आणि मेन स्विच बंद करून चाचणी घेऊ. जबाबदारी घेण्यास तयार असलेल्या सभासदांनी शनिवारपर्यंत मला व्यक्तिगत मेसेजवर क्रमांक द्यावेत. रात्री बहुधा घरीच असणाऱ्यांना प्राधान्य राहील.