गेरू उन्हात निळा रंग खरंच तोडते का? प्रोजेक्ट अडकला, सांगा राजेहो

चामोर्शीचा_पोरगा
नमस्कार. बीएस्सी शेवटच्या वर्षाले आहो, प्रोजेक्ट "लोहखनिज फोटोकॅटालिस्ट म्हणून", म्हणजे उजेड घेऊन रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ. सुरजागडच्या खाणीतलं हेमॅटाइट (लाल लोहखनिज) काही हाती आलं नाही, म्हणून आठवडी बाजारातून भिंत सारवाचा गेरू आणला, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या शंभर मिली पाण्यात दोन चमचे टाकला अन् स्लॅबवर अकरा ते दोन उन्हात ठेवला. खाली गाळ बसला, वरचं पाणी साफ पांढरं! मी खुश. मॅडमनी इचारलं अंधारात ठेवून पाह्यलं का, तं दुसरा ग्लास गंजाखाली (भांड्याखाली) झाकून ठेवला, अन् थोही साफ झाला नं बाप्पा. आता हे उजेडाचं काम आहे का नाही?

लॅबमधला_मास्तर
नाही रे भाऊ, बहुतेक मातीचं काम आहे. बाजारातला गेरू म्हणजे निखळ हेमॅटाइट नसते, त्यात चिकणमाती भरपूर. मिथिलीन ब्लू धन प्रभाराचा, चिकणमातीचा पृष्ठभाग ऋण, म्हणून रंग तिले चिकटते आणि गाळासोबत खाली बसते. तुटला नाही, लपला. गाळ थोडा स्पिरिट अन् मीठ टाकून हलवजो, निळा सुटला तर समज. आणखी एक ग्लास गेरूशिवाय उन्हात ठेव, हा रंग नुसत्या उन्हानंही थोडा फिका होते.

आता हेमॅटाइटचं. त्याची बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा कराले लागणारी कमीत कमी ऊर्जा) साधारण 2.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे 590 नॅनोमीटरपर्यंतचा उजेड ते खाते, म्हणून तर लाल दिसते. टायटॅनियम डायऑक्साइड या नेहमीच्या फोटोकॅटालिस्टले 3.2 लागते, त्याले फक्त अतिनील चालते, जे उन्हात पाचेक टक्केच. मग लोक म्हणते हेमॅटाइट भारी, स्वस्त, उजेड जास्त घेते. पण घेतलेलं टिकत नाही ना! उजेडानं सुटलेला इलेक्ट्रॉन अन् त्याची मागे राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, बहुतेक पिकोसेकंदांतच (सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात) पुन्हा एक होते, होल जेमतेम 2 ते 4 नॅनोमीटर चालते, तेवढ्यात पृष्ठभाग आला नाही तर संपलं. तुझ्या गेरूचा कण त्याच्या कितीतरी पट जाड, आतला उजेड सगळा उष्णतेत जाते. अन् त्याचा इलेक्ट्रॉन इतका जोरदारही नाही, हवेतल्या ऑक्सिजनकडे लवकर जात नाही, पाण्यातून हायड्रोजन काढायचा तरी बाहेरून व्होल्टेज द्यावंच लागते.

हरभरेवाला
मास्तर, मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तं? आमच्याकडं जखम धुवायचं असते तेच.

लॅबमधला_मास्तर
हेच सांगणार होतो. मेडिकलमध्ये 6 टक्क्यांचं भेटते, दोनचार मिली बस. पेरॉक्साइड इलेक्ट्रॉन उचलते, उजेडात पृष्ठभागावरचं फेरिक लोह एक इलेक्ट्रॉन घेऊन थोडंथोडं फेरस होते अन् ते पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा भलताच क्रियाशील कण काढते, हेच रंगाले खाते. फोटो-फेंटन म्हणते याले. पाणी जरा आंबट, पीएच 3 च्या आसपास, तं जास्त चांगलं. बाटलीचं बूच घट्ट लावू नको, वायू सुटते. गेरू चिमूटभरच, दोन चमच्यांनी पाणीच लाल झालं तर आत ऊन जाईल काऊन?

हरभरेवाला
आंबट म्हणजे हरभऱ्याची आंब टाकू का 😂 रातच्यानं हरभऱ्याच्या झाडांवर कापड टाकलं का सकाळी पिळून वाटीभर निघते.

लॅबमधला_मास्तर
हसू नको, त्यात मॅलिक अन् ऑक्झॅलिक आम्ल असते, अन् ऑक्झॅलेट तं उन्हात लोहाशी भलतंच झोंबते. पण पोराच्या प्रोजेक्टमध्ये आंब घालू नका, दहा गोष्टी मिसळल्या का एकीचाही हिशेब लागत नाही.

चामोर्शीचा_पोरगा
मास्तर, गाळ स्पिरिटनं हलवला, वरचा थर पूर्ण निळा निघाला. अन् गेरू खाली जांभळट, आधी ध्यानातच नाही आलं. आता उद्या पाच ग्लास ठेवतो: नुसता रंग, रंग अन् गेरू, रंग अन् पेरॉक्साइड, तिन्ही मिळून, अन् पाचवा तेच तिन्ही मिळून, पण गंजाखाली. चिमूट म्हणजे किती ग्रॅम धरू? काटा कॉलेजातच आहे, अन् उद्या रविवार.