जुन्या लाकडी संतमूर्ती मागून पोकळ का असतात?

गवाक्ष: जर्मनीतल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या चर्चच्या लाकडी मूर्तींचे फोटो बघतोय, पुढून कपड्याची चुणी न् चुणी कोरलीये आणि मागून बघावं तर सरळ खोबण, काहींच्या तर डोक्यावर पण भोक. चोरीबिरी की काय? आणि मुळात रंगवलेल्या होत्या की अशाच?

ओंडका: चोरी कसली राव. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही, घेराच्या बाजूने जास्त आकसतं, मग अख्खा ओंडका ठेवला की गाभ्यापर्यंत भेग जाते आणि ती नेमकी चेहऱ्यावरून गेली की संपलं सगळं. म्हणून मागून गाभाच काढून टाकायचे, वजन पण कमी. पाठ तशीही कपाटासारख्या वेदीत (चर्चमध्ये मूर्ती मांडायची उभी चौकट) भिंतीकडे, कोण बघतंय! डोक्यावरचं भोक म्हणजे ओंडका आडवा अडकवून फिरवत फिरवत कोरायचे त्याची खूण, नंतर खुंटी मारून बुजवायचे.

सांजवात: काही मूर्तींत संतांचे अवशेष ठेवायला पण जागा करायचे हां, सगळंच सुतारकाम नाही. आणि भेगेवरून आठवलं, कलोनच्या चर्चमध्ये दहाव्या शतकातला ओकचा मोठा क्रूस आहे, त्यावरच्या येशूच्या डोक्याला भेग पडली तर आर्चबिशप गेरोने त्यात पवित्र भाकरीचा तुकडा ठेवून प्रार्थना केली आणि भेग बुजली, अशी गोष्ट थिटमार नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलीये.

ओंडका: @सांजवात बरोबर, पण या पाठीमागच्या मोठ्या खोबणी अवशेषांसाठी नाहीत.

गवाक्ष: भारी! आणि रंगाचं?

खडूसरस: बहुतेक रंगवलेल्याच. खडू नि सरसाचं अस्तर, वर रंग आणि सोन्याचा वर्ख. पोलंडमधल्या क्राकोवची वेदी बघा, फाइट श्टोस या मूर्तिकाराने 1477 ते 1489 खपून केलेली, लिंडन झाडाच्या लाकडातल्या मूर्ती, सगळ्या रंगीत नि सोनेरी. रीमेनश्नायडर या दुसऱ्या मूर्तिकाराने मात्र जर्मनीतल्या म्युनरश्टाटची वेदी 1492 मध्ये बिनरंगाची दिली, लाकडावरच पटाशीने सगळं दाखवलं. तर काही वर्षांनी लोकांनी ती रंगवून घेतली, आणि कोणाकडून, तर या श्टोसकडूनच! माझ्या मते तरी वाटच लावली, पण तेव्हाच्या भाविकांना कोरं लाकूड अर्धवट वाटत असणार.