कुतच्या वेढ्यातला मराठा शिपाई : पत्र, जेवण, पगार (एकांकिकेसाठी माहिती हवी)

तिसरी_घंटा :
नायक सातारा जिल्ह्यातला, ११०व्या मराठा पलटणीतला शिपाई. पहिलं महायुद्ध, जानेवारी १९१६, मेसोपोटेमिया (आजचा इराक), कुत-अल-अमारात इंग्रज-हिंदी फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा. एका प्रवेशात तो बायकोला पत्र लिहितो, पुढच्यात तिचं उत्तर येतं. हे चालेल का? आणि त्याच्या ताटात काय दाखवू?

मोडीवाचक :
उत्तराचा प्रवेश काढाच. वेढा ७ डिसेंबर १९१५ला पडला, २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. मधे नेहमीचं टपाल बंद. बाहेरच्या फौजेशी बोलणं बिनतारी यंत्रावरून, तेही वेढ्यातल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याच्या कचेरीपुरतं.

त्यापेक्षा वेढ्याआधी आलेलं जुनं पत्र तो कुणाकडून तरी परत परत वाचून घेतोय असं दाखवा. बहुतेक शिपायांना लिहिता-वाचता येत नसे. पलटणीतला एखादा शिकलेला हे काम करी. म्हणजे घरचं सगळं तिसऱ्याच्या देखत. म्हणून पत्र बायकोच्या नावे नको. 'तीर्थरूप' वडिलांना किंवा थोरल्या भावाला असू द्या, तिची चौकशी 'घरची सर्व मंडळी' यातच उरकते. जीव तुटतो तो बैल विकला का, सावकाराचं किती फिटलं, पोराचा ताप उतरला का, या प्रश्नांत. संवाद तिथे खर्च करा.

कागदावर अक्षर मोडी हवं. गावाकडे ते कुलकर्णी किंवा शाळामास्तर वाचणार. घरून आलेल्या पाकिटावर साधं हिंदुस्थानी तिकीट लावा, 'आय.ई.एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी धाडलेली हिंदी फौज) छापलेलं तिकीट फौजेकडून निघालेल्या टपालावरचं.

शिधावाटप :
महिना नीट ठरवा, ताट त्यावर अवलंबून आहे. जानेवारीत हाल पाण्याचे. २०-२१ तारखेला टायग्रिस नदीचा पूर पुढच्या खंदकांत शिरला, त्यामुळे पटके आणि पायांना गुंडाळायच्या पट्ट्या चिखलाने भरलेल्या हव्यात. शिध्याला कात्री लागली ती महिनाअखेरीस, घोडे-खेचरं मारायला सुरुवातही तेव्हाचीच.

गोऱ्या पलटणी घोड्याचं मांस खात होत्या, हिंदी शिपायांनी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले, तरी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत तोंडाला लावलं नाही. गावात कळलं तर जातीत घेतील का, ही धास्ती होती. शेवटी दिवसाला चार-पाच औंस पीठ, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. जवाचं. भाकरी जाड, काळपट, फुटक्या कडांची करा. गव्हाची पोळी दाखवू नका.

मांस नाही, भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. हिरड्या सुजून रक्त येतं, पायांवर काळेनिळे डाग पडतात, जुन्या जखमा उघडतात. रंगभूषेला एवढं पुरेल. माणसं खंदकाभोवतीचा पाला उपटून शिजवत, त्यात विषारीही निघे. गोऱ्यांना मात्र बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झाला, कारण त्यांचा पाव पांढऱ्या पिठाचा. जवाच्या कोंड्याने आपल्या माणसांना त्यातून वाचवलं.

तिसरी_घंटा :
मग सगळं एप्रिलमध्ये नेतो. घरी पैसे जात असतील का?

मोडीवाचक :
शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातला काही भाग आधीच घरच्या नावे लावून ठेवता येई, तसं केलेलं असेल तर पैसे येत राहणं पटतं. एप्रिल घेताय तर विमानांचा आवाज हवा: तेव्हा वरून पिठाची पोती टाकली जात, कितीतरी नदीत किंवा तुर्कांच्या बाजूला पडत. आणि संहितेत 'नायब सुभेदार' असेल तर 'जमादार' करा, त्या काळी हुद्दा तोच होता.