टायटल ब्लॉकमधला रिव्हिजन नंबर मॅक्रोने भरावा की हाताने?

उद्यमबागकर
आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या बऱ्याच छोट्या ड्रॉइंग ऑफिसांत रिव्हिजन (ड्रॉइंग कितव्यांदा बदललं तो नंबर) टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, अजून हाताने टाइप करतात. फाइलच्या नावात आर४ आणि शीटवर आर३ राहून गेलं, तर ओतकामाच्या साच्यासाठी नमुना (पॅटर्न) बनवणारं पॅटर्न शॉप शीटच बघणार. पॅटर्न चुकला की त्यावर ओतलेला सगळा माल भंगारात.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये याला साधा इलाज आहे. फाइलचं नाव ‘पीव्ही-०१२-आर३’ (PV-012-R3) धरा. टायटल ब्लॉकमध्ये फील्ड (आपोआप भरणारी जागा) टाकून त्यात डिझेल एक्स्प्रेशन, म्हणजे ऑटोकॅडचं छोटं सूत्र, लिहायचं; मॅक्रो म्हणतोय ते हेच: ‘डीडब्ल्यूजीनेम’मधून नाव घे, आणि ‘सबस्ट्र’ने इंग्रजीतल्या आठव्या अक्षरापासून दोन अक्षरं काढ. आर४ नावाने सेव्ह केलं, फील्ड अपडेट झालं, की शीटवरही आर४. आयटीआयच्या पोरांना लेयर-डायमेन्शनच्या जोडीने हे शिकवलंच पाहिजे.

मच्छेवाला
मला नाही पटत. दहावं रिव्हिजन आलं की तुमचं सबस्ट्र दाखवणार आर१! एरर कुठेच नाही, शीट दिसायला एकदम व्यवस्थित. त्यात आमच्याकडे ड्रॉइंगं येतात कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या पार्ट्यांकडून, आणि प्रत्येकाची नंबर द्यायची तऱ्हा वेगळी. एकाचं आठवं अक्षर रिव्हिजनचं, दुसऱ्याचं मटेरियल ग्रेडचं. हाताने भरणारा माणूस निदान एकदा तो नंबर वाचतो. मॅक्रो लावलं की तीही नजर गेली. आणि लिहिणारा पोरगा उद्या पुण्याला गेला तर दुरुस्त कोण करणार?

निपाणीकर
आर१०चा मुद्दा खरा आहे, पण तो सुटतो. दोन अक्षरं असं बांधून घेऊ नका. ‘स्ट्रलेन’ने पूर्ण नावाची लांबी काढा आणि त्यातून ११ वजा करा: पुढची ७ अक्षरं, शेवटच्या ‘.डीडब्ल्यूजी’ची ४. उरेल तेवढीच अक्षरं घ्या. आर३ असो की आर१०, बरोबर येतं.

तऱ्हा वेगवेगळ्या असतील तर ऑटोलिस्प, म्हणजे ऑटोकॅडची प्रोग्रॅमिंग भाषाच लागेल. ‘व्हीएल-स्ट्रिंग-सर्च’ने दुसरा डॅश शोधायचा. फक्त ते शून्यापासून मोजतं आणि सबस्ट्र एकपासून, म्हणून सापडलेल्या आकड्यात २ मिळवले तरच डॅशच्या पुढचं अक्षर मिळतं. एलटी (ऑटोकॅडची हलकी आवृत्ती) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२४च्या आधीच्या एलटीत ऑटोलिस्प नाही. डिझेल मात्र चालतं.

मच्छेवाला
बघा, एक शून्यापासून मोजतं, दुसरं एकपासून. चार माणसांच्या ऑफिसात हे ध्यानात कोण ठेवणार हो? आणि चुकलं तर एका नाही, त्या टेम्प्लेटवरच्या सगळ्या शीटांवर चुकणार.

उद्यमबागकर
सगळ्या शीटांवर एकसारखं चुकतं, म्हणूनच ते पहिल्या दिवशी सापडतं. टायपिंगची चूक एखाद्याच शीटवर असते आणि माल ओतून झाल्यावर कळते. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगला लावू नका, कबूल. पण आपल्या पॅटर्न ड्रॉइंगचं नाव आपणच ठेवतो ना? तिथे आर०३ असं दोन आकडी रिव्हिजन ठरवा आणि एक्स्प्रेशन लिहून वहीत ठेवा. पोरगा गेला तरी वही ऑफिसातच राहते.

मच्छेवाला
घरच्या ड्रॉइंगपुरतं करून बघतो. गिऱ्हाइकाचा नंबर मात्र आमच्याकडे हातानेच पडणार, आणि भरणारा एक, तपासणारा दुसरा.