अनुदानावर दिव्यांग मुलाचे महाविद्यालय : आपले अनुभव लिहा

मालवण तालुका, एक आई

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या वाडीतल्या एका मुलीची आई कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मुलीला ऐकू येत नाही, गुण उत्तम आहेत. पण घरातल्यांचे म्हणणे असे की, अनुदान मिळते तेवढे पुरे, पुढे शिकून काय करायचे? हेच वाक्य माझ्या मुलाच्या वेळी मी अगदी जवळच्या माणसांकडून ऐकले होते, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बुद्धी तल्लख, परंतु बोटे आखडलेली आणि बोलणे सवयीच्या माणसालाच कळणारे. त्याने मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली. आमचे उत्पन्न म्हणजे थोडी काजूची कलमे आणि माझे शिवणकाम. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला तेव्हा दरमहा १००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १५०० झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय झाला. ही रक्कम घरखर्चात मिसळायची नाही, असे मी पहिल्यापासून ठरवले होते. खाते त्याच्या नावाचे आहे आणि पैसे काढताना अंगठा तोच लावतो. रिक्षाचे भाडे, झेरॉक्स, परीक्षेत त्याच्यासाठी उत्तरे लिहिणाऱ्या लेखनिकाचा येण्याजाण्याचा खर्च एवढे त्यातून निघे. पैसे थोडेच होते, पण आपले शिक्षण आपल्या पैशांवर चालले आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्यामुळे घरातही त्याच्या शिक्षणाला कोणी फुकटचा खर्च म्हणू शकले नाही.

परीक्षेत तो एकेक शब्द सांगे, लेखनिक मुलगी तो पुन्हा उच्चारून दाखवी, त्याने मान हलवली की मगच ती लिही. तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो तास त्याला पुरा लागे. प्रवेशाच्या वेळी खिडकीवर मला 'याला घरीच शिकवा' असा सल्ला मिळाला होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयातही ५ वर्षांची सवलत असते. ते कलम छापून मी सोबत नेले होते. आपण कसे निभावले, ते कृपया लिहा.

राजापूर, वडील

ताई, आमचे सगळे उत्पन्नाच्या दाखल्यावर अडले. सातबारा सामाईक आहे. त्यावर आजोबांच्या वेळेपासूनची नावे, निम्मे वारस मुंबईला, आणि बागेतले उत्पन्न प्रत्यक्षात एकाच्याच हाती. कागदावर पाहणाऱ्याला वाटते की या घरात हापूसच्या पेट्यांवर पेट्या निघतात. मोहोर करपला की घरात काय उरते ते कागदावर कुठेच दिसत नाही. शेवटी तलाठ्यांसमोर सर्व हिस्सेदारांची संमती आणि प्रत्यक्ष वहिवाटीचा पंचनामा ठेवला, तेव्हा आमच्या हिश्शापुरता दाखला मिळाला. चाकरमानी भाऊ गणपतीला येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवाव्यात, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो. शिष्यवृत्तीलाही हाच दाखला लागतो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या, शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते.

गुहागर, आई

माझ्या मुलीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. ती १८ वर्षांची झाली आणि बँकेने माझी सही घेणे थांबवले. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारही प्रकारांत हे करता येते, तेव्हा सर्वांनी १८ पूर्ण होताच ते उरकून घ्यावे. ती आता मुक्त विद्यापीठातून शिकते आहे. एका विषयाला तिला फार वेळ लागतो आणि मी तिला तो देते.

रत्नागिरी, वकिली करणारी मावशी

गुहागरच्या ताई, तुमच्या मुलीसाठी तुम्ही केले ते योग्यच आहे, परंतु 'सर्वांनी' याला माझा स्पष्ट विरोध आहे. माझा भाचा सेरेब्रल पाल्सीचा आहे, त्याला आपला व्यवहार पूर्ण समजतो. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीची कायदेशीर क्षमता मान्य केली आहे आणि गरज असेल तिथे मर्यादित पालकत्वाची, म्हणजे ठरावीक निर्णय त्या व्यक्तीसोबत मिळून घेण्याची, सोय ठेवली आहे. जो मुलगा पदवीची परीक्षा देऊ शकतो, त्याच्या सहीचा अधिकार केवळ बँकेच्या सोयीसाठी काढून घेऊ नये. बँकेकडून नकार लेखी मागावा. आमचे काम त्यानंतर पुढे सरकले.

गुहागर, आई

मावशी, हे मान्य आहे. माझ्या लेकीला रकमेचा अंदाज येत नाही, म्हणून आमचा मार्ग वेगळा झाला.

देवगड, आई

मालवणच्या ताई, लेखनिक कुठून मिळवलात? आमच्या गावात पावसाळ्यात एसटीच वेळेवर येत नाही, तिथे दुसऱ्याच्या मुलीला परीक्षेला कोण पाठवणार?

मालवण तालुका, एक आई

देवगडच्या ताई, तेव्हा आपण स्वतः लेखनिक आणायचा असेल तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे लागे, म्हणून मी कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलींना विचारले. त्यांच्या आयांना आधी घरी जाऊन भेटले, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीला आमच्याकडेच मुक्कामाला ठेवले. त्याचे उच्चार तिच्या कानांत बसावेत म्हणून दोघांना आधीपासून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवत असे.

चिपळूण, सेवानिवृत्त शिक्षक

माझे नातेवाईक मला नेहमी विचारतात की, तुमच्यानंतर या मुलाचे काय? शासकीय सेवेतील पालकांनी एक गोष्ट हयातीतच करावी. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी त्याचे नाव आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सेवापुस्तकाशी व निवृत्तिवेतनाच्या कागदांशी आधीच जोडून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही पाहावी. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि फिजिओथेरपीसारख्या उपचारांचा खर्चही धरतात. माझा मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात आहे.

दापोली, भाऊ

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे. ताईची चाकाची खुर्ची तिच्यावरून उतरतच नाही, त्यामुळे महाविद्यालय गाठण्याआधी रस्ताच गाठायचा होता. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आम्ही ग्रामसभेत तो खर्च मागितला आणि पाखाडीच्या कडेने उतार व लोखंडी कठडा करून घेतला. आता गावातली म्हातारी माणसेही तिथूनच ये-जा करतात. पावसात शेवाळ धरते, ते मी आणि वडील खरवडतो.

वेंगुर्ला, विद्यार्थी

मी स्वतः दिव्यांग आहे, म्हणून पालकांना एक विनंती करतो. प्रवेश अर्ज भरताना आम्हाला शेजारी बसवा. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, अर्थात यूडीआयडी, त्याचा क्रमांक आणि पासवर्ड आम्हालाही सांगून ठेवा. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, तेव्हा वडील बोटीवर होते आणि कोणता कागद कुठे आहे ते मला माहीत नव्हते, त्यामुळे मुदत टळली. यंदा सगळे माझ्याच मोबाईलवर आहे आणि अर्ज मीच भरला.

मालवण तालुका, एक आई

बाळा, फार चांगले केलेस. वाडीतल्या त्या मुलीलाही आज मी हेच सांगितले. तिचे प्रमाणपत्र जुने आहे आणि यूडीआयडी अजून काढलेले नाही, म्हणून सोमवारी तिघी मिळून जिल्हा रुग्णालयात जाणार आहोत. तिच्या वडिलांना प्रवेशाची शेवटची तारीख लिहून दिली आहे. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांना वर्गात प्रत्यक्ष काय सोयी मागता येतात, हे कोणा पालकाला अनुभवाने माहीत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.